फेशियलच्या खोलीचे तीन महिने

केसपेपरवर तक्रारीसाठी चार ओळी असतात, तपासणीसाठी सहा, आणि उरलेलं पान औषधांना. पेशंट खुर्चीत बसता बसता जे बोलतो आणि जाताना दार ओढून घेत जे बोलतो, त्याला मात्र कुठेच जागा नसते. ते मग डब्याच्या वेळेला बाहेर पडतं. बोईसरच्या आमच्या क्लिनिकमध्ये डब्याची वेळ दीड ते अडीच, आणि गेल्या पावसाळ्यानंतरच्या तीन महिन्यांत त्या एका तासात एवढं काही साठलं, की आता कॉलेजची मित्रमंडळी भेटली की औषधांवर कुणी बोलतच नाही. "तो टॉवेलचा सांग," "त्या सहा जणांचा सांग," अशा फर्माइशी येतात. दरवेळी तुकड्यातुकड्यानं सांगताना काहीतरी निसटतं, म्हणून एकदा क्रमानं लिहून काढते आहे. पेशंटची नावं बदलली आहेत. फेशियल करणाऱ्या भारतीताईंचं बदलणार होते, पण त्यांनी आधीच बजावलं, "माझं नाव बदललंत तर बघा."

आधी परिस्थिती. मला त्वचारोगाची एम.डी. होऊन जेमतेम सात महिने झाले होते. क्लिनिक सरांचं. सर स्वतः पालघरला बसतात; तीस वर्षांची प्रॅक्टिस. बोईसरची शाखा त्यांनी माझ्यावर सोपवली होती. मुरुमांचे पेशंट रोज पाच-सहा तरी असायचेच. मी मलम लिहून द्यायचे, आणि तीच मुलगी दोन दिवसांनी एखाद्या पार्लरमध्ये जाऊन वाफ, स्क्रब आणि ब्लीच करून यायची. मुरुमांच्या बऱ्याच मलमांनी कातडी सुरुवातीला कोरडी आणि नाजूक होते. त्यावर घासाघीस झाली की चेहरा भाजल्यासारखा लाल. मग दोष मलमाला, आणि मलम बंद.

'पार्लरला जाऊ नका' हे सांगून उपयोग नाही, एवढं मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हणून मी सरांना सुचवलं की औषध आणि फेशियल एकाच छपराखाली, एकमेकांना विचारून करून पाहू. शेजारची खोली नाहीतरी सॅम्पलच्या खोक्यांनी भरली होती.

सर चष्मा पुसत म्हणाले, "पार्लरनं बिघडवायचं आणि आपण निस्तरायचं, हे मी तीस वर्षं करतोय. आता ती बिघडवणारी खोली आपल्याच घरात घ्यायची?"

पण हो म्हणाले. अट एकच. तीन महिने. त्या खोलीबद्दल एक तक्रार जरी त्यांच्यापर्यंत आली, तरी खोकी परत आत.

*

त्या खोलीसाठी भारतीताई आल्या. सफाळ्याला चौदा वर्षं त्यांचं स्वतःचं पार्लर होतं. भाताच्या हंगामात हात रिकामे, लग्नसराईत जेवायला फुरसत नाही, असा धंदा. आमच्याकडे यायचं ठरल्यावर त्यांनी गाळा सोडला. खुर्च्या बहिणीकडे पोचवल्या. नेहमीची गिऱ्हाइकं महिन्याभरात दुसरीकडे गेली. सरांची अट मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितली, कारण ती लपवणं मला बरोबर वाटलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्याकडे परत जायला आता दुकान नाय. ते एकदा सांगून ठेवते. रोज नाय सांगणार."

खरंच, त्यानंतर त्यांनी ते कधी काढलं नाही.

माझ्याकडून पहिल्याच दिवशी एक अतिरेक झाला. मुरुमांच्या पेशंटला काय करू नये याची यादी मी टाइप करून खोलीत लावली. गरम वाफ नाही. स्क्रब नाही. ब्लीच नाही. मलम चालू असताना चेहऱ्यावर वॅक्स नाही. तेलकट क्रीमनं मसाज नाही. अशी सतरा कलमं. भारतीताईंनी चष्मा लावून सगळी वाचली, खालची सहीसुद्धा वाचली.

"हे सगळं नाय करायचं," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर मग मी पेशंटची काय आरती करू?"

दुपारी आम्ही दुसरी यादी केली. काय करायचं याची. सौम्य फेसवॉशनं चेहरा कसा धुवायचा हे हात धरून शिकवायचं. मी पाहून खूण केलेले ब्लॅकहेड्स निर्जंतुक बारीक अवजारानं काढायचे. पिकलेल्या फोडाला हात लावायचा नाही. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन समोर बसवून लावून घ्यायचं. ही यादी चार कलमांची झाली. सतरा कलमांची मी काढून टाकली नाही, पण दाराच्या मागच्या बाजूला हलवली.

*

आता टॉवेलचा किस्सा.

भारतीताईंनी येताना सफाळ्याहून डझनभर मरून टॉवेल आणले होते. नवे कोरे, मंगळसूत्राच्या डिझाइनची किनार असलेले. पंधरा दिवसांत त्यांच्यावर पांढरे डाग पडायला लागले. साधे ठिपके नाहीत. एका टॉवेलवर तर कपाळ, दोन गाल आणि हनुवटी स्पष्ट ओळखू येत होती.

तारापूर एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच संशय येतो, कारखान्यांचा. भारतीताई म्हणाल्या, हवा. वॉचमन म्हणाला, पाणी. धोब्याला बोलावलं, तर त्यानं शपथेवर सांगितलं की त्याच्याकडे पॉवर हाऊसच्या, म्हणजे अणुवीज केंद्राच्या, साहेबांचे शर्ट येतात आणि त्यांना काही होत नाही. दोन दिवस टॉवेल गच्चीऐवजी आत वाळत घालून पाहिले, म्हणजे हवेचा दोष कळेल. डाग वाढले. तिसऱ्या दिवशी भारतीताई दोन टॉवेल पिशवीत घालून तक्रार द्यायला निघाल्या होत्या. कुठे द्यायची हे त्या वाटेत ठरवणार होत्या.

मी दारात अडवलं, कारण डाग ज्या दिवशी पडले त्या दिवसांची पेशंटची यादी मी तोवर काढली होती. बेन्झॉइल पेरॉक्साइड नावाचं एक जेल मी मुरुमांसाठी देते. चेहऱ्याला ते चालतं, पण रंगीत कापडाचा रंग उडवतं. ते लावून आलेल्या मुलींची तोंडं पुसली गेली, आणि प्रत्येक टॉवेलनं एकेक चेहरा उतरवून घेतला. उशीचे अभ्रे पांढरे वापरा, हे मी पेशंटना सांगत होते. शेजारच्या खोलीत सांगायचं राहिलं होतं. चूक माझीच.

भारतीताई पिशवीतले टॉवेल परत बाहेर काढत म्हणाल्या, "टॉवेल गोरा झाला हे बाहेर सांगू नका, मॅडम. उद्या जेल अंगभर लावून येतील."

*

किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या हेमाताई सदतीस वर्षांच्या. जबड्याच्या कडेनं मोठे, दुखरे मुरूम. मी मलम दिलं आणि पाठ्यपुस्तकात आहे ते सांगितलं: ऊन टाळा.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण लहान मुलाकडे बघतो. "मॅडम, आमचा धंदा बोंबील सुकवायचा हाय. ऊन टाळला तर बोंबील पण टाळायला लागतील."

मधल्या दारातून भारतीताई आल्या आणि त्यांनी चौकशी सुरू केली. बोंबील दोरीवर टांगायचे किती वाजता? पालटायचे कधी? उतरवायचे कधी? मधल्या वेळात तिथेच बसावं लागतं, की कावळे हाकायला कुणी दुसरं असतं? असं करत करत निघालं की भर दुपारी उन्हात उभं राहण्याचं खरं काम तासाभराचंच आहे; बाकीचा वेळ सवयीनं आणि गप्पांसाठी. तेवढ्या तासाला सनस्क्रीन आणि डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेला सुती पदर. मी ते सगळं केसपेपरवर लिहून घेतलं. त्या दिवसापासून 'ऊन टाळा' लिहिणं मी सोडलं; 'किती वाजता, किती वेळ' असं विचारते.

महिन्यानं हेमाताई आल्या, तर मुरूम निम्म्यानं बसलेले, पण दोन महिन्यांची सनस्क्रीनची बाटली पंधरा दिवसांतच संपलेली. मी काळजीनं विचारलं, एवढं लावता? तर म्हणाल्या, एकटीनं नाही. शेजारी बोंबील टांगणाऱ्या तिघी बघत बसायच्या, बरं दिसेना, म्हणून चौघींनी लावलं. मलम मात्र कुणाला दिलं नाही, कारण भारतीताईंनी मलमावर स्वतःचं नाव लिहून घ्यायला लावलं होतं.

"नवरा होडीवरून आला, तो लांबच थांबला," हेमाताई म्हणाल्या. "बोलतो, चार पांढरी भुतं आमचे बोंबील का सुकवतायत?"

मी त्यांना कमी पांढरी दिसणारी सनस्क्रीन लिहून दिली. चौघींसाठी.

*

बोईसरमध्ये भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार हिंदीत बोलतात आणि क्लिनिकमध्ये फार थोडं बोलतात. दिनेश एका कारखान्यात ऑपरेटर. गालांवर एकसारखे, एकाच आकाराचे लाल फोड. कातडी पातळ आणि चकचकीत. मला शंका आली ती स्टिरॉइडच्या मलमाची. ही मलमं दुकानातून सहज आणली जातात, आठवड्यात चेहरा गुळगुळीत करतात आणि मग सोडली की दुप्पट फोड आणतात. मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: "कुछ नहीं लगाता, मॅडम."

मी त्याला भारतीताईंकडे नुसता चेहरा धुवायला पाठवलं. दहा मिनिटांत त्या ट्यूबचं नाव घेऊन आल्या. कसं मिळवलं, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तू काय लावतोस ते विचारलंच नाय. तुझ्या रूमवर बाकीचे काय लावतात, ते विचारलं. दुसऱ्याचं सांगायला माणूस नेहमी तयार."

रूमवर सहा जण. आरशाच्या फळीवर एक ट्यूब. संपली की ज्याचा पगार आधी होईल तो नवी आणायचा. मी दिनेशला समजावलं की हे एकदम सोडलं की आठ-दहा दिवस चेहरा जास्त बिघडेल, घाबरायचं नाही, मी दर आठवड्याला बघेन, त्या काळात फेशियल वगैरे काही नाही, फक्त गार पाणी आणि साधं मॉइश्चरायझर. आणि बाकीच्या पाच जणांनाही आणायचं.

पुढच्या रविवारी सहाही जण आले. रांगेत, उंचीप्रमाणे उभे राहिल्यासारखे. केसपेपर मात्र एकच, दिनेशचा. बाकीच्यांचे वेगळे काढा, असं रिसेप्शनवर सांगितल्यावर त्यांच्यातला सगळ्यात मोठा आत आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ट्यूब एक थी, बीमारी एक है. पेपर छह क्यों?"

आता सहापैकी पाच जणांचे चेहरे शांत झाले आहेत. सहावा गावाला गेला आहे. तो फोनवर फोटो पाठवतो.

*

पुढचा प्रसंग मी थोडा जपून सांगणार आहे.

पॉवर हाऊसच्या वसाहतीतली एक मुलगी, एकोणीस वर्षांची. घरचे मूळचे साताऱ्याकडचे. पाठीवर आणि चेहऱ्यावर खोल, खड्डे पाडणारे मुरूम. दोन वर्षं मलमं झाली होती. आता गोळी द्यायला हवी होती. आयसोट्रेटिनॉइन. गुणकारी आहे, पण ती चालू असताना दिवस जाता कामा नयेत, नाहीतर बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं. म्हणून सुरू करण्यापूर्वी काही प्रश्न एकटीला विचारावेच लागतात. मुलगी अविवाहित आणि आई शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. आईला बाहेर बसायला सांगितलं तर तेच संशयाला कारण. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा आई म्हणाल्या, "विचारा की. माझ्यापासून तिचं काही लपलेलं नाही."

मधलं दार उघडलं. भारतीताईंनी मुलीकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहून म्हणाल्या, "वहिनी, राग नका मानू. तुमची डावी भुवई उजवीपेक्षा वर गेलेली हाय. कुणी केली?"

आईंचा हात कपाळाकडे गेला. आता या वयात कशाला, असं म्हणत म्हणत त्या आत गेल्यासुद्धा. मला सात मिनिटं मिळाली. मुलगी काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की तिच्या मनात एक भीती होती, ती निराधार होती, आणि ती विचारायला तिला दोन वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. गोळीच्या काळात वॅक्सिंग आणि घासाघीस पूर्ण बंद; भारतीताईंकडे फक्त ओठांची आणि कोरड्या कातडीची काळजी.

पुढच्या महिन्यात दोघी आल्या. मुलीचा चेहरा निवळत चाललेला, आणि ती पहिल्यांदाच केस मागे बांधून आली होती. मी केसपेपर उघडला. आई खुर्चीत बसल्याच नाहीत.

"डॉक्टर, माझ्या भुवया चांगल्या आहेत अजून," त्या म्हणाल्या. "तिच्याशी काय बोलायचं ते बोलून घ्या. मी बाहेर आहे."

*

तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून खरी चूक झाली.

वैशाली सव्वीस वर्षांची, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. साखरपुडा बारा दिवसांवर. ती आली तेव्हा गाल आणि हनुवटी टोमॅटोसारखी, डोळ्यांत पाणी. मी दिलेलं मलम सांगितल्याप्रमाणेच लावत होती. तीन दिवसांपूर्वी ती भारतीताईंच्या खोलीत येऊन गेली होती. मी भारतीताईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोघींच्याही मनात खोकी होती.

मी सगळं पहिल्यापासून विचारत गेले. खोलीत काय झालं? चेहरा धुतला, मॉइश्चरायझर लावलं, बस. मलम कधी लावता? रात्री, तुम्हीच लिहिलंय. किती वाजता? साडेनऊला. झोपता कधी?

"सकाळी," ती म्हणाली. "मला थर्ड शिफ्ट असते."

साडेनऊला मलम लावून ती कामाला जात होती. रात्रभर टोपी, मास्क आणि घाम. सकाळी मलम चेहऱ्यावर तसंच, आणि उघड्या रिक्षातून पूर्वेच्या उन्हाकडे तोंड करून अर्धा तास घरी. मी 'रात्री' लिहिलं होतं आणि तिनं ते तंतोतंत पाळलं होतं. जिथे अर्धं गाव रात्री जागं असतं, तिथे मी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

मलम थांबवलं. गार पाण्याच्या घड्या, साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नाही. भारतीताईंनी घड्या ठेवल्या आणि मग हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसल्या. कोरफड लावू का, असं त्या तीनदा म्हणाल्या आणि तीनही वेळा स्वतःच "नको" म्हणाल्या. "काय न करता बसायचं, हे मला चौदा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं," त्या पुटपुटल्या.

वैशाली तक्रार करणार नव्हती. उलट तिनंच माझी समजूत घातली. तरीही संध्याकाळी मी सरांना फोन करून सगळं सांगितलं: चूक मलमाच्या सूचनेची आहे, खोलीची नाही. सर म्हणाले, "तुम्ही फोन केला नसता, तर मला कळलं असतं?"

"नाही, सर."

"मग खोलीचं महिनाअखेरीला बघू." आणि त्यांनी फोन ठेवला. याचा अर्थ काय, यावर मी आणि भारतीताईंनी पुढचे तीन दिवस डबा खाल्ला.

आता आमच्या केसपेपरवर नावाखाली शिफ्टचा रकाना आहे, आणि मी 'रात्री' लिहीत नाही. 'झोपण्यापूर्वी, कधीही झोपलात तरी' असं लिहिते. वैशालीचा चेहरा आठ दिवसांत निवळला. साखरपुड्यानंतर ती दोघांचा फोटो दाखवायला आली. भारतीताईंनी फोन हातात घेऊन बोटांनी फोटो मोठा केला, तिचे दोन्ही गाल तपासले आणि पास केले.

"मी बरी आलेय," वैशाली म्हणाली. "तोच लाल झालाय."

*

महिनाअखेरीला पाच दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट.

अपॉइंटमेंट न घेता एक बाई आल्या. साठीच्या, गळ्यात मोत्यांची दुहेरी माळ, बोलण्यात हुकमाची सवय. रिसेप्शनला न थांबता थेट भारतीताईंच्या खोलीत. परवा पालघरला भाचीचं लग्न. गोल्ड फेशियल, ब्लीच आणि ओठांवर वॅक्स हवं होतं. डॉक्टरांना भेटायची गरज नाही, त्या म्हणाल्या, मला काही आजार नाही. मी माझ्या खोलीत होते. मधलं दार किलकिलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं ऐकू आलं.

भारतीताईंनी त्यांना झोपवलं, केस पट्टीखाली घेतले. डॉक्टरी औषध लावता का, असा प्रश्न त्या विचारत नाहीत, कारण त्याला सगळे नाही म्हणतात. त्यांनी विचारलं, झोपताना तोंडाला काय लावता?

"साधं कोल्ड क्रीम."

"किती घेता?"

"वाटाण्याएवढं."

वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. कोल्ड क्रीम माणूस बोटभर घेतो, तळहातभर घेतो. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं, हे माप फक्त आमच्या धंद्यात आहे. तीव्र मलम देताना दिवसातून दहा वेळा आम्ही ते सांगतो. भारतीताईंनी स्पष्ट सांगितलं की ब्लीच होणार नाही, वॅक्स होणार नाही, सोललं जाईल. हवं तर गार पाण्यानं स्वच्छता आणि मॉइश्चरायझर.

बाई उठून बसल्या. मी पैसे देऊन करून घेतेय, त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"नाय," भारतीताई म्हणाल्या. "पण तुमच्या नाकाच्या कडेला पापुद्रे सुटलेत, ते माहीत हाय."

मी दार उघडून आत गेले तोवर बाईंनी फोन लावला होता. "बाळू," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "तुझ्या बोईसरच्या क्लिनिकमधली बाई मला फेशियल करायला नाही म्हणते."

बाळू म्हणजे सर. आणि या त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का.

भारतीताईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांतली पहिली तक्रार, थेट सरांच्या कानात. अक्कांनी फोन भारतीताईंसमोर धरला: "तोच बोलतोय. घ्या."

मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो, सर... वाटाण्याएवढं म्हणाल्या... नाय सर, काय नाय लावलं... नाय, मॅडमना विचारलं नाय, त्या पेशंट बघत होत्या." मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि हात धुवायला बेसिनकडे गेल्या.

सरांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "ती ट्यूब मीच दिलीय अक्काला. सुरकुत्यांसाठी," ते म्हणाले. "आणि काल मीच म्हणालो, लग्न आहे, फेशियल करून घे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शनिवारी बोर्डवाला येतोय," सर म्हणाले. "तुमच्या नावाखाली त्यांचं नाव टाकायचंय. पूर्ण नाव विचारा त्यांना."

अक्का एव्हाना परत आडव्या झाल्या होत्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. भारतीताई ओल्या कापसानं त्यांचं कपाळ पुसत होत्या. मी फोन हातात धरून म्हणाले, सर तुमचं पूर्ण नाव विचारतायत. बोर्डासाठी.

त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना म्हणावं, हात ओले हायत," त्या म्हणाल्या. "पेशंट झाला की सांगते."